नागझिऱ्याच्या डोंगरवनात जाण्यापूर्वी

रेल्वे येण्यापूर्वीच्या काळी काशीयात्रेस निघणारा गृहस्थ महिनाभर आधी तयारीस लागे. दशम्यांचे पीठ, फिरकीचा तांब्या, घोंगडी, सुईदोरा, ओव्याची पुरचुंडी अशा एकेक वस्तू आठवून त्या वळकटीत बांधल्या जात. कारण वाटेत एखादी वस्तू विसरल्याचे ध्यानात आले, तर ती पुढच्या मुक्कामी मिळेलच याचा भरवसा नसे. पुढे गाड्या झाल्या, सडका झाल्या, गावोगावी दुकाने झाली; आणि तिकीट काढून पैशाचे पाकीट खिशात घातले की प्रवासाची तयारी झाली, असा समज रूढ झाला. एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणाऱ्यास तो खपून जातो. डोंगराळ व अरण्यमय मुलखात पाऊल टाकणाऱ्यास मात्र जुन्या यात्रेकरूची ती सवय पुन्हा लावून घ्यावी लागते.

विदर्भाच्या पूर्व टोकाला असलेले नागझिरा हे अशा मुलखाचे उत्तम उदाहरण होय. तेथे जाण्यापूर्वी काय जाणून घ्यावे, काय बरोबर न्यावे आणि काय घरी ठेवून जावे, याचा विचार प्रस्तुत भाषणात करावयाचा आहे. या विचारात एक गोष्ट आरंभीच लक्षात घेतली पाहिजे. महाबळेश्वर किंवा चिखलदरा यांसारख्या थंड हवेच्या ठिकाणी प्रवाशाने हयगय केली तर तिचे फळ बहुधा त्यालाच भोगावे लागते. छत्री विसरला तर तो भिजतो, एवढेच. अरण्यात हयगय एकाची आणि शिक्षा दुसऱ्यालाच, असे पुष्कळदा घडते. म्हणून येथील तयारीचे दोन भाग पडतात. पहिला, आपल्या जिवाची व सुखाची काळजी. आणि दुसरा, आपल्यामुळे दुसऱ्याचा जीव धोक्यात येऊ नये याची काळजी. पहिल्या भागाकडे बहुतेकांचे लक्ष असते. दुसरा भाग विसरला जातो.

प्रथम या प्रदेशाची ओळख करून घेऊ. गोंदिया जिल्हा हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा निघाला. नागझिऱ्याचे रान या दोन्ही जिल्ह्यांच्या सीमेवर पसरलेले आहे. येथील डोंगर सह्याद्रीसारखे उभ्या कड्यांचे नाहीत. ठेंगण्या, गोलसर, झाडांनी दाट झाकलेल्या टेकड्या एकीमागून एक उभ्या असून त्यांच्या मधल्या खोलगट भागांतून ओढे वाहतात व तळी साठतात. रानाच्या मध्यभागी नागझिऱ्याचा तलाव आहे. सभोवतालच्या गावांची नावे पाहिली तरी या मुलखाचे मर्म कळते. पिटेझरी, मंगेझरी, उमरझरी या नावांत ‘झरी’ आहे, तर खुद्द नागझिऱ्याच्या नावात ‘झिरा’ आहे. डोंगराच्या पोटातून झिरपणारे पाणी जेथे सापडले तेथे माणसाने वस्ती केली आणि जनावरांनीही तेथेच वाटा पाडल्या.

या रानास १९७० साली अभयारण्याचा दर्जा मिळाला; त्या वेळचे त्याचे क्षेत्र सुमारे १५३ चौरस किलोमीटर होते. दक्षिणेकडील नवेगाव हे १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे नवीन नागझिरा, नवेगाव व कोका ही अभयारण्ये जाहीर झाली आणि या सर्वांचा मिळून डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प स्थापन करण्यात आला. त्याचे गाभाक्षेत्र सुमारे ६५६ चौरस किलोमीटर आहे. साग, ऐन, बीजा, धावडा, तेंदू, मोह, अर्जुन व बांबू ही येथील मुख्य झाडे. वाघ, बिबट, अस्वल, रानकुत्री, गवा, सांबर, चितळ, भेकर, चौसिंगा, नीलगाय व रानडुक्कर ही जनावरे येथे नांदतात, आणि पक्ष्यांच्या दोनशेहून अधिक जाती येथे नोंदल्या गेल्या आहेत.

आता प्रवासाचा काल. नागझिऱ्यास तीन ऋतूंत तीन रूपे असतात, आणि प्रवाशाने आपणास कोणते रूप पाहावयाचे आहे हे आधी ठरवावे. पावसाळ्यात येथे भरपूर पाऊस पडतो, ओढ्यांना पूर येतात, रानातील कच्चे रस्ते चिखलात रुततात, आणि पुष्कळ प्राण्यापक्ष्यांचा हा विणीचा हंगाम असतो. म्हणून पावसाळा सुरू झाला की सप्टेंबरअखेरपर्यंत गाभाक्षेत्र प्रवाशांना बंद असते. ऑक्टोबरमध्ये दारे उघडतात तेव्हा रान हिरवेगार व घनदाट असते. गवत पुरुषभर उंच वाढलेले असते. पाणी जागोजाग असल्यामुळे जनावरे एका ठिकाणी जमत नाहीत. अशा वेळी वाघाची आशा धरून जाणारा निराश होतो, पण फुलपाखरे, कोळी व वेली पाहणाऱ्यास हाच काळ उत्तम. डिसेंबर-जानेवारीत थंडी कडाक्याची पडते. पहाटेचा पारा कित्येकदा दहा अंशांच्या खाली जातो. या दिवसांत परदेशी पाणपक्षी तलावांवर उतरतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते, पळस फुलतो, मागोमाग मोहाची फुले टपटपू लागतात, आणि त्या फुलांसाठी अस्वले पहाटे झाडाखाली येतात. एप्रिल-मे म्हणजे वैशाखवणवा. पारा पंचेचाळिसापर्यंत चढतो, ओढे आटतात आणि उरलेल्या पाणवठ्यांवर सर्व रान लोटते. वन्यप्राणी दिसण्याचा संभव याच दिवसांत सर्वांत अधिक. पण वृद्धांनी, लहान मुलांनी व नाजूक प्रकृतीच्या माणसांनी या दिवसांचा मोह धरू नये.

जाण्याची वाट आखताना एक चूक वारंवार घडते. नागझिरा हे एकच नाव असले तरी रानात शिरण्याची दारे अनेक आहेत आणि ती एकमेकांपासून बरीच दूर आहेत. दक्षिणेकडून पिटेझरीचे दार साकोलीस जवळ आहे. साकोली हे मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गावर नागपूरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर असून तेथून पिटेझरी पंधरा-वीस किलोमीटर राहते. उत्तरेकडून येणाऱ्यास चोरखमारा व मंगेझरी ही दारे सोयीची. त्यासाठी मुंबई-हावडा लोहमार्गावरील तिरोडा अथवा गोंदिया स्थानकावर उतरावे लागते. परवाना एका दाराचा आणि प्रवासी पहाटे उभा दुसऱ्या दाराशी, असे झाले म्हणजे सारी सकाळ फुकट जाते. म्हणून आधी दार निश्चित करावे, मग त्या दाराच्या बाजूस मुक्काम पाहावा आणि त्यानंतर आगगाडीचे तिकीट काढावे. हा क्रम उलटा करू नये.

परवाना वनविभागाच्या संकेतस्थळावरून आगाऊ मिळतो. नाताळच्या सुटीत, उन्हाळी सुटीत व शनिवार-रविवारी गर्दी फार असते. तेव्हा शक्य तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे. मात्र आठवड्यातून एक दिवस रान बंद असते, तो कोणता हे आरक्षण करतानाच पाहून घ्यावे. परवान्यावर ज्यांची नावे आहेत त्यांनी आपले मूळ ओळखपत्र जवळ बाळगावे. दारावर त्याची तपासणी होते. रानात फेरी सकाळी व दुपारी अशी दोन वेळा निघते आणि मार्गदर्शक बरोबर घ्यावा लागतो. शुल्काचे दर व वेळा ऋतुमानाप्रमाणे बदलतात, म्हणून मागल्या वर्षी जाऊन आलेल्या स्नेह्याच्या माहितीवर विसंबू नये.

साकोली, तिरोडा किंवा गोंदिया सोडले की पुढे मोठी बाजारपेठ नाही, हे ध्यानात ठेवून लागणाऱ्या वस्तू तेथेच पुऱ्या कराव्यात. औषधे, बॅटरीचे सेल, मेणबत्ती, काड्यापेटी, चहासाखर आणि सुटे पैसे यांची आठवण तेथेच व्हावी. रानाच्या कडेच्या पुष्कळ गावांत दूरध्वनीचा संकेत मिळत नाही, आणि संकेत नसला की मोबाइलवरून पैसे देण्याची सोयही बंद पडते. घरच्या माणसांना आपला बेत, मुक्कामाचे ठिकाण आणि परतण्याचा दिवस कागदावर लिहून द्यावा. दोन दिवस फोन लागला नाही तरी त्यांनी घाबरू नये, हेही सांगून ठेवावे.

कपड्यांविषयी शहरवासीयांची मोठी फसगत होते. विदर्भ म्हणजे उष्ण, अशी कल्पना करून पुष्कळजण हिवाळ्यातही नुसत्या सदऱ्यावर निघतात. सूर्योदयाच्या सुमारास उघड्या गाडीत बसून रानातून जाताना दंवाने ओला झालेला वारा अंगाला झोंबतो, आणि तासाभरात बोटे बधिर होतात. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात लोकरी टोपी अथवा मफलर, हातमोजे, स्वेटर आणि त्यावरून वारा अडविणारे जाड वस्त्र असावे. दहा वाजता ऊन चटकू लागते, तेव्हा एकावर एक घातलेले हे कपडे एकेक करून उतरविता आले पाहिजेत. उन्हाळ्यात सुती, सैल, पूर्ण बाह्यांचा सदरा व पायघोळ विजार घालावी. डोक्यास रुमाल किंवा रुंद काठाची टोपी असावी. रस्त्याची लाल-पिवळी धूळ डोळ्यांत व घशात जाते, तेव्हा एक मोठा सुती पंचा जवळ असला म्हणजे तो नाकावर बांधता येतो. रंग खाकी, मातकट किंवा फिका हिरवा असावा. भडक रंग व उग्र अत्तरे रानात नकोत. पायांत चप्पल न घालता बंद बूट व मोजे घालावेत.

आता खाणेपिणे व आरोग्य. पाणी प्रत्येकाने स्वतंत्र बाटलीत, घरून आणलेल्या धातूच्या बाटलीत असेल तर फारच उत्तम, आणि उन्हाळ्यात एका फेरीसाठी माणशी निदान दोन लिटर न्यावे. तहान लागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने ते पीत राहावे. मीठ-साखरेच्या पाण्याची पुडी, लिंबू अथवा कैरीचे पन्हे जवळ ठेवावे. चक्कर, मळमळ, डोके ठणकणे ही उष्माघाताची पूर्वसूचना समजावी. तसे होताच माणसाला सावलीत निजवून अंग ओल्या फडक्याने पुसावे व त्यास लवकर वैद्यकीय मदत मिळवून द्यावी. अन्न साधे व टिकाऊ असावे. दशमी, लाडू, भाजलेले शेंगदाणे व चुरमुरे या आपल्या जुन्या शिदोरीस तोड नाही. मात्र ती मुक्कामी किंवा ठरवून दिलेल्या जागीच सोडावी. धावत्या गाडीतून खाणे, आणि वानरांना दाणे टाकणे तर मुळीच नको. एकदा माणसाच्या हातचे खाण्याची चटक लागली की वानर गाडीवर झेप घेऊ लागते आणि रस्त्यावरच बसून राहते. मग ते चाकाखाली तरी येते, नाही तर कोणाला तरी चावते.

या पट्ट्यात हिवताप आहे. म्हणून संध्याकाळी अंग झाकून बसावे, डास पळविणारे मलम लावावे व मच्छरदाणीत झोपावे. गवतातून गोचीड व बारीक किडे अंगावर चढतात. त्यांतील काहींच्या चावण्याने विशिष्ट प्रकारचा ताप येतो. फेरीहून आल्यावर कपडे झटकून अंग चोळून धुवावे, आणि घरी परतल्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आलाच तर आपण रानात जाऊन आलो होतो, हे वैद्यास आवर्जून सांगावे. एवढ्या एका वाक्याने निदान पुष्कळ सोपे होते.

सापांविषयी भीती बाळगण्यापेक्षा समज असलेली बरी. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार विषारी जाती महाराष्ट्रात सर्वत्र ठाऊक आहेत. रात्री विजेरीशिवाय पाऊल टाकू नये, बूट झटकल्याशिवाय घालू नयेत, लाकडाच्या ढिगात व दगडांच्या फटीत हात घालू नये. इतके पाळले तर दंशाचा प्रसंग क्वचितच येतो. आलाच, तर आवळपट्टी बांधणे, जखम कापणे, विष चोखणे, मंत्रिकाकडे नेणे यांपैकी काहीही करू नये. दंश झालेला अवयव हलू न देता, माणसाला धीर देऊन, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिविषाची सोय असलेल्या सरकारी रुग्णालयात न्यावे. संकेत मिळत नसेल तर वनरक्षकास सांगावे. वनखात्याची बिनतारी यंत्रणा अशा वेळी उपयोगी पडते. ज्यांना रक्तदाब, मधुमेह किंवा दमा आहे त्यांनी आपली औषधे मुक्कामाच्या दिवसांपेक्षा दोन दिवसांची अधिक घ्यावीत. पाठीचे दुखणे असणाऱ्यांनी तीन-चार तास खडबडीत रस्त्यावर हिसके सोसण्याची आपली ताकद आधी अजमावावी.

येथवर देहाची तयारी झाली. डोळ्यांची व कानांची तयारी याहून निराळी आहे. पुष्कळ प्रवासी नागझिऱ्याहून परतताना ‘काही दिसले नाही’ असे सांगतात. त्यांच्या या ‘काही’चा अर्थ वाघ एवढाच असतो. सहाशेहून अधिक चौरस किलोमीटरच्या रानात मोजके वाघ. त्यांतला एक आपल्या ठरलेल्या तासाला आपल्याच रस्त्यावर यावा, ही अपेक्षा हिशेबाला धरून नाही. म्हणून जाण्यापूर्वी पंधरा-वीस झाडे व तितकेच पक्षी ओळखण्याचा अभ्यास करावा. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते, धावड्याची फिकी व गुळगुळीत असते, तेंदूची कोळशासारखी काळी व चौकटी पडलेली असते. ही तीन ओळखता आली तरी रानातील गर्दी परक्यांची वाटेनाशी होते. दुर्बीण, वही व पेन्सिल जवळ असावी. मराठी वाचकास तर आणखी एक सोय आहे. व्यंकटेश माडगूळकरांनी या रानात मुक्काम करून ‘नागझिरा’ हे पुस्तक लिहिले, आणि मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी या नात्याने नवेगाव-नागझिऱ्याच्या परिसरात दीर्घकाळ राहून या मुलखावर विपुल लेखन केले. प्रवासापूर्वी ती पुस्तके वाचणे हे तिकीट काढण्याइतकेच आवश्यक समजावे.

कानांचा उपयोग डोळ्यांहून अधिक होतो. शिकारी जनावर हिंडू लागले की चितळ तीक्ष्ण स्वरात हाक देते, भेकर भुंकल्यासारखे ओरडते, सांबर ठणकावल्यासारखा आवाज काढते, आणि झाडाच्या शेंड्यावर बसलेले वानर खोकल्यासारखी खरखरीत आरोळी देते. अनुभवी मार्गदर्शक या हाका ऐकून जनावर कोणत्या दिशेला चालले आहे हे सांगू शकतो. पण त्याला ऐकू येण्यासाठी गाडीतल्या माणसांनी गप्प बसले पाहिजे. लहान मुलांना बरोबर न्यावयाचे असल्यास एक तास न बोलता बसण्याची सवय घरीच लावावी. ही तयारी बूट-टोपीच्या तयारीहून अवघड असते आणि तिच्याकडेच सर्वांचे दुर्लक्ष होते.

आता तयारीच्या दुसऱ्या भागाकडे वळू. आपल्यामुळे दुसऱ्याच्या जिवास धोका कसा पोहोचतो, हे अलीकडच्या तीन प्रसंगांवरून स्पष्ट होईल.

पहिला प्रसंग शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातील आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी तेथे एक वाघीण आपल्या पिलांसह रस्त्यावर आली असता दोन्ही बाजूंनी प्रवाशांच्या गाड्या उभ्या राहिल्या आणि त्या मायलेकरांची वाट अडली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या घटनेची स्वतः होऊन दखल घेतली. गाडी हाकणारा व मार्गदर्शक यांच्यावर अशा वेळी कारवाई होते, आणि ते योग्यच आहे. परंतु ‘अजून थोडी पुढे घ्या, बक्षीस देऊ’ असा आग्रह बहुधा मागच्या आसनांवरून होत असतो, हेही विसरता येत नाही. म्हणून फेरीस निघण्यापूर्वीच चालकास व मार्गदर्शकास सांगून ठेवावे की, आम्हांला जवळून पाहण्याची घाई नाही. तुम्ही नियमाप्रमाणे न्या. त्या गरीब माणसांची पोटापाण्याची नोकरी आपल्या हट्टापायी जाऊ नये. मोबाइल संच तर मुक्कामीच ठेवावा. व्याघ्र प्रकल्पांच्या गाभाक्षेत्रातील पर्यटनविभागात त्याच्या वापरास परवानगी असू नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०२५ मधील आदेश आहे.

दुसरा प्रसंग रानाबाहेरच्या रस्त्यावरील आहे. वाघाला प्रकल्पाची सीमा ठाऊक नसते. नागझिऱ्यात वाढलेला ‘जय’ नावाचा प्रसिद्ध वाघ २०१३ साली शेते, सडका व वस्त्या ओलांडून उमरेड-कऱ्हांडल्यास गेला होता. २०१६ च्या एप्रिलनंतर तो कोणास दिसला नाही. नागझिऱ्यातील वाघांची संख्या वाढावी म्हणून २० मे २०२३ रोजी ब्रह्मपुरीच्या बाजूने आणलेल्या दोन वाघिणी येथे सोडण्यात आल्या. एवढा खटाटोप करून एकेक जनावर वाढविण्याचा प्रयत्न चालला असता, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुर्दोलीच्या जंगलात रात्री मोटारीची धडक बसून एक तरुण वाघ जखमी झाला आणि उपचारापूर्वीच मरण पावला. राष्ट्रीय महामार्ग व हा रस्ता ज्या रानातून जातात, ते नागझिरा व नवेगाव यांना जोडणारे जनावरांचे येण्याजाण्याचे पट्टे आहेत. तेव्हा स्वतःच्या मोटारीने येणाऱ्याने वेळापत्रक असे आखावे की, हा टप्पा दिवसाउजेडी पार पडेल. अंधार पडलाच तर वेग इतका कमी ठेवावा की, दिव्याच्या झोतात जनावर दिसताच गाडी थांबविता येईल. अरण्यप्रवासाची शिस्त अरण्याच्या दारापाशी सुरू होत नाही, ती पन्नास किलोमीटर आधीच सुरू होते.

तिसरा प्रसंग सर्वांत दुःखाचा. ८ एप्रिल २०२१ रोजी नागझिऱ्याच्या रानात वणवा पेटला. तो विझविण्यासाठी गेलेले तीन हंगामी वनमजूर आगीने वेढले जाऊन प्राणास मुकले व आणखी दोघे गंभीररीत्या भाजले. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत या डोंगरांवर वाळलेल्या पानांचा घोट्याएवढा थर साठलेला असतो. वारा सुटला की त्यात पडलेली एक ठिणगी क्षणात टेकडीच्या माथ्यावर पोहोचते. ती आग विझविण्यास पाण्याचे बंब तेथवर जाऊ शकत नाहीत. हातात झाडाच्या डहाळ्या व पाने उडविण्याचे यंत्र घेऊन माणसेच तिच्या समोर उभी राहतात. ती माणसे जवळच्याच खेड्यांतील असतात, रोजंदारीवर राबतात, आणि त्यांच्या घरी त्यांच्या मिळकतीवर जगणारी कुटुंबे असतात. म्हणून विडी, सिगारेट व काड्यापेटी रानाच्या फेरीत खिशात असता कामा नये. मुक्कामाच्या जागीही शेकोटी पेटविण्यापूर्वी विचारावे, आणि पेटविली तर झोपण्यापूर्वी तिच्यावर पाणी ओतून राख हाताला थंड लागेपर्यंत ती सोडू नये. रस्त्याने जाताना धावत्या मोटारीतून थोटूक फेकणारा मनुष्य आपण काय केले हे मागे वळून पाहतसुद्धा नाही. पाहण्याची पाळी वनमजुरावर येते.

रानातून काही आणू नये, हा नियमही अनेकांना कडक वाटतो. गळून पडलेले सांबरशिंग, एखादे रंगीत पीस, औषधी मुळी, ओढ्यातला गोटा असे काहीही उचलू नये. वन्यजीव संरक्षणाचा १९७२ सालचा कायदा शिंगासारख्या वस्तू जवळ बाळगण्यास मनाई करतो. आणि कायदा बाजूस ठेवला तरी गळलेले शिंग साळिंदर कुरतडते, त्यातून त्यास चुना मिळतो. आपल्या दिवाणखान्यापेक्षा त्याची गरज मोठी. उलट, आपण नेलेली प्रत्येक पिशवी, बाटली व वेष्टन परत आणण्यासाठी एक कापडी थैली वेगळी ठेवावी.

शेवटी गावांविषयी. रानाच्या कडेला गोंड, हलबा, ढिवर, कोहळी अशा समाजांची वस्ती आहे. हे लोक मोहफूल वेचतात, तेंदूपाने तोडतात, तळ्यांत मासे धरतात आणि धानाची शेती करतात. याच मुलखातील कोहळ्यांनी पूर्वी शेकडो तलाव बांधले. नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. आपण ज्या वाघास पाहण्यासाठी चार तास येऊन हौस भागवितो, त्याच्या शेजारी हे लोक बारा महिने राहतात. त्यांची गुरे मारली जातात, मोहफूल वेचताना त्यांच्या जिवावर बेतते. म्हणून गावात शिरताना मोठ्याने गाणी लावू नयेत, न विचारता कोणाचे छायाचित्र घेऊ नये, आणि वडीलधाऱ्यांशी ‘राम राम’ करूनच बोलण्यास आरंभ करावा. शक्य तर गावातल्याच घरगुती खाणावळीत जेवावे, गावातलाच तांदूळ किंवा मध विकत घ्यावा. रान राहिले तर आपल्यालाही चार पैसे मिळतात, हे गावकऱ्यांना पटण्याचा याहून सरळ मार्ग नाही.

एवढी तयारी करून निघालेल्या प्रवाशास दोन दिवस पुरतात, पण तीन दिवस काढणे अधिक चांगले. दोन दिवस नागझिऱ्यात काढून तिसऱ्या दिवशी नवेगाव बांधच्या तलावावर जावे. वेळ असेल तर गोंदियाच्या धानशेतांत सारस पक्ष्यांची जोडी पाहावी. महाराष्ट्रात हा पक्षी आता मुख्यत्वे याच जिल्ह्याच्या आसमंतात उरला आहे. शेताच्या बांधावरून, दुरून, दुर्बिणीतून पाहावा. जवळ गेल्यास तो घरटे सोडून उडतो आणि अंडी उन्हात उघडी पडतात.